धक्का लागला की धक्का मारला?

माझा भाचा चौथीत शिकतो. शाळा इंग्रजी माध्यमाची आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के जागांमधून त्याला तिथे प्रवेश मिळाला आहे. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "दादा, पोराच्या कपाळाला टेंगूळ आलंय. डायरीत मॅडमनी काहीतरी लिहिलंय, मला नीट कळत नाही. येतोस का जरा?"

मी गेलो. पोरगा कोपऱ्यात बसून चहात बिस्कीट बुडवून खात होता. कपाळावर डाव्या बाजूला लिंबाएवढे टेंगूळ. डायरीत लाल शाईने एकच ओळ लिहिली होती. मधल्या सुट्टीत पाण्याच्या कूलरपाशी तुमच्या मुलाला ‘बंप’ झाले आहे, बर्फ लावला आहे, असा तिचा अर्थ. खाली पालकांच्या सहीसाठी रेघ.

"बंप म्हणजे?" बहिणीने विचारले.

"बंप म्हणजे धक्का. टेंगळालाही बंपच म्हणतात."

"म्हणजे धक्का लागला होय. मला वाटलं काय झालं." तिचा जीव भांड्यात पडला. ती सही करायला पेन शोधू लागली.

मी पोराला जवळ घेतले. "काय झालं रे?"

"डोकं आपटलं."

"कशावर?"

"नळावर."

"डोकं आपटलं की कुणी आपटलं?"

तो आईकडे बघायला लागला. मग हळूहळू सगळे बाहेर आले. पाण्याच्या रांगेत तो पुढे होता. वरच्या वर्गातली दोन मुले मागून आली आणि म्हणाली, "आरटीईवाले मागे." तो हलला नाही. तो पाणी प्यायला वाकलेला असताना एकाने मानेवर हात ठेवून डोके खाली दाबले. कपाळ नळावर बसले.

माझा आजचा लेख या एका ओळीबद्दल आणि त्यातल्या एका क्रियापदाबद्दल आहे. एवढ्याशा इंग्रजी शब्दावर काय लिहायचे, असे कुणाला वाटेल. पण अन्याय नेहमी मोठ्या शब्दांतून येत नाही. पुष्कळदा तो अशाच हलक्याफुलक्या शब्दाच्या आडून सुटतो.

प्रथम शब्द समजून घेऊ. इंग्रजीत मारण्याची सरळ क्रियापदे आहेत : हिट, बीट, स्ट्राइक, पुश. ही आली की कोणी कोणाला, हा प्रश्न लगेच उभा राहतो. ‘बंप’ तसे नाही. ते घरगुती, बोलण्यातले क्रियापद आहे. टेबलाच्या कोपऱ्याला गुडघा लागला, बंप. पार्किंगमध्ये दोन गाड्या हलक्याशा भिडल्या, बंप. जुना मित्र बाजारात अचानक भेटला तर आपण त्याला ‘बंप इंटू’ झालो. रस्त्यावरच्या गतिरोधकाला स्पीड बंप, मुठीला मूठ लावणे म्हणजे फिस्ट बंप, गरोदर बाईचे पोट म्हणजे बेबी बंप. विमान कंपनीने जागेपेक्षा जास्त तिकिटे विकली आणि तुम्हाला मागे ठेवले तर तुम्ही बंप झालात. गुन्हेगारी सिनेमात तर खुनालाही ‘बंप ऑफ’ म्हणतात. शब्दाचा आवाजच असा आहे की खूनसुद्धा थोडा गमतीचा वाटावा.

या शब्दाची आणखी एक खुबी आहे. धक्का आणि धक्क्याने आलेले टेंगूळ, दोन्हीला तो एकच नाव देतो. कारण आणि परिणाम एकाच शब्दात बसले की मधला माणूस, म्हणजे धक्का देणारा, त्याला वाक्यात जागाच उरत नाही. डायरीतल्या ओळीत पोरगा होता, कूलर होता, बर्फ होता. ते दोन हात तेवढे नव्हते.

मी इंग्रजीच्या विरोधात बोलतोय, असा गैरसमज करून घेऊ नका. सावित्रीमाईंपासून बाबासाहेबांपर्यंत आपल्या चळवळीने इंग्रजीला आपले मानले आहे. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो आणि इंग्रजीने मला गावाबाहेर काढले. आणि खरे सांगायचे तर ‘बंप’ हा शब्द मला पहिल्यांदा कळला तेव्हा तो मला फार आवडला होता. का आवडला, ते आधी सांगतो. कारण त्याशिवाय माझी पुढची तक्रार अर्धवट राहील.

माझी आजी गावाकडची. तिच्या तरुणपणी गावात चालायची एक रीत होती. समोरून वरच्या आळीचा माणूस आला की आपण रस्त्याच्या कडेला व्हायचे, पदर आवरायचा, डोक्यावरचा भारा असेल तर तोही अंगासरशी धरायचा. कारण अंगाला अंग लागले तर त्याला विटाळ व्हायचा आणि शिव्या आजीला पडायच्या. तिथे ‘चुकून धक्का लागला’ असे वाक्यच नव्हते. धक्का लागला म्हणजे आमच्याच बाजूने लागला. समोरचा आमच्या अंगावर येऊन आदळला तरी शिवलो आम्हीच. पुण्यात पेशवाईत अस्पृश्यांवर कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधण्याची सक्ती होती, हे बाबासाहेबांनी 1936 च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये लिहून ठेवले आहे. जिथे पावलाच्या ठशाचा आणि थुंकीचाही विटाळ धरत होते, तिथे धक्क्याची काय कथा!

हीच आजी एका 6 डिसेंबरला चैत्यभूमीला आली. मी तेव्हा कॉलेजात होतो. दादर स्टेशनच्या पुलावर ही गर्दी. आजी सवयीने एका बाजूला सरत होती, अंग चोरत होती. पण त्या पुलावर सरणार कुठे? ऑफिसला निघालेली एक बाई घाईत आली आणि तिची पर्स आजीच्या खांद्यावर जोरात लागली. ती बाई थांबली, आजीच्या दंडाला हात लावून म्हणाली, "सॉरी हं आजी, लागलं का?" आणि निघून गेली.

आजी तिथेच उभी राहिली. आठवडाभर ती हा किस्सा सगळ्यांना सांगत होती. "बाई गं, धक्का तिचा आन् माफी बी तिनंच मागितली!" घरातले हसायचे. आजीही हसायची. पण मला त्या हसण्यात साठ वर्षांचा हिशेब दिसत होता.

मुंबईच्या पुलावर त्या दिवशी जे घडले, तो खरा ‘बंप’ होता. दोन माणसे, एक अरुंद पूल, एक घाई. कुणी कुणाला शिवले नाही, कुणी कुणाला बाटवले नाही. लागले, माफी मागितली, संपले. संविधान सभेत 4 नोव्हेंबर 1948 ला बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना खडे बोल सुनावले, त्यामागचे एक कारण मला त्या पुलावर समजले. लोकलच्या डब्यात कोपर लागते तेव्हा ते कोपर कुठल्या जातीचे, हे विचारायला कुणाला सवड नसते. मुंबईत जात नाही असे मी म्हणत नाही. भाड्याने खोली शोधायला गेलात की ती पहिल्या प्रश्नात भेटते. पण धक्क्यापुरते तरी शहराने आजीला एक साधे क्रियापद दिले. धक्का हा निव्वळ धक्का असू शकतो, हे आमच्या घराला कळायला एवढी वर्षे लागली.

म्हणून म्हणतो, ‘बंप’ हा शब्द वाईट नाही. तो बरोबरीच्या माणसांचा शब्द आहे. दोघांची पायरी सारखी असेल, दोघांपैकी कुणीही दुसऱ्याला ‘बघून चाल’ म्हणू शकत असेल, तिथेच तो खरा ठरतो. जिथे पायरी सारखी नाही, तिथे तोच शब्द खोटी साक्ष देतो. ही खोटी साक्ष मी स्वतः एकदा दिली आहे.

इंजिनिअरिंगला होतो. कॉलेजचे नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. होस्टेलमध्ये ‘बर्थडे बंप्स’ नावाचा प्रकार चालायचा. इंग्लंडमध्ये याचा अर्थ असा की वाढदिवसाच्या पोराला हातापायांना धरून उचलायचे आणि जितके वय तितक्या वेळा हलकेच जमिनीला टेकवायचे. आपल्याकडे होस्टेलांत त्याचा अर्थ लाथा. रात्री बारा वाजता दारावर थाप पडते, चौघे जण हात-पाय धरतात आणि बाकीचे पार्श्वभागावर लाथा घालतात. मग केक. हसायचे, कारण सगळे हसत असतात. माझ्या पहिल्या वाढदिवसाला मला लाथा बसल्या तेव्हा, खोटे कशाला सांगू, मला बरे वाटले होते. वाटले, यांनी आपल्याला आपल्यातले मानले.

त्याच वर्षी एप्रिल महिना आला. आमच्या मजल्यावर आम्ही चौघे ‘जय भीम’वाले. 13 एप्रिलच्या रात्री शहरात बारा वाजता फटाके वाजले, केक कापला, आम्ही निळा गुलाल लावून साडेबाराच्या सुमाराला परत आलो. मजल्यावर पंधरा-वीस पोरे उभी होती. त्यातला एक ओरडला, "आला रे आला! आज यांच्या सगळ्यांचा बर्थडे!" आणि बंप्स सुरू झाले. चौघांना. मोजायला कुणी नव्हते. कुणाच्या पायात बूट होते. मध्येच कुणीतरी म्हणाले, "एकशे किती झाली रे यंदा? तेवढ्या घाला." सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी, जयंतीच्या दिवशी, मला बसता येत नव्हते. माकडहाडाला मार लागला होता. डॉक्टरांच्या चिठ्ठीसाठी आणि हजेरीसाठी रेक्टरला अर्ज द्यायचा होता. रेक्टर सभ्य माणूस होता. त्याने मला खुर्ची दिली, मी बसलो नाही. तो म्हणाला, "हे बघ, रॅगिंग वगैरे शब्द लिहिलेस तर चौकशी लागेल, पोरांचं करिअर जाईल, तुझंही वर्ष जाईल. बंप्स होते ना? मग बंप्सच लिही." आणि मी माझ्या हाताने, माझ्या बऱ्यापैकी इंग्रजीत लिहिले की वाढदिवसाच्या बंप्समध्ये मला किरकोळ दुखापत झाली. खाली सही केली.

त्या दिवशी वाढदिवस माझा नव्हता. ज्यांचा होता त्यांच्या जयंतीच्या दिवशी मी ते वाक्य लिहिले. माझ्या पाठीला बसलेल्या लाथा मी विसरलो, पण ती सही विसरलो नाही.

यात मला काय शिकायला मिळाले? मारणाऱ्यांनी मला मारले, तो एक अन्याय. पण त्या माराला ‘बंप्स’ म्हणायला लावले, तो दुसरा. पहिला अन्याय रात्रीतला होता, दुसरा कागदावर कायमचा झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2009 चे रॅगिंगविरोधी नियम आहेत, 1989 चा ॲट्रॉसिटी कायदा आहे. पण कुठल्याही कायद्याला आधी कर्ता लागतो. कोणी केले, कोणाला केले, काय म्हणून केले. ज्या वाक्यात कर्ताच नाही, त्या वाक्यावर कुठला कायदा लावणार? ‘बंप’ हे क्रियापद वापरले की गुन्हा दाखल होण्याआधीच निकाल लागतो : निर्दोष, कारण कुणी नव्हतेच.

या बाबतीत मला बाबासाहेबांचा चाळीसगावचा प्रसंग नेहमी आठवतो. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आठवणींत तो आहे, आणि त्यांनी तो इंग्रजीतच लिहिला आहे. साल 1929. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी समिती नेमली होती आणि बाबासाहेब तिचे सदस्य होते. धुळ्याच्या रेल्वेमार्गावरच्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता, त्याची माहिती घेऊन ते चाळीसगावला परतले. महारवाड्यातली मंडळी हार घेऊन स्टेशनवर आली होती. पण निघायचे नाव कुणी घेईना. तासाभराने एक टांगा आला. बाबासाहेब बसले. टांगा थोडा पुढे गेला तोच समोरच्या मोटारीला धडकता धडकता वाचला. पुढे नदीवरच्या फरशीच्या पुलाकडे वळताना घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर जोरात आदळले आणि बाबासाहेब उचलले जाऊन दगडी फरशीवर पडले. घोडा आणि टांगा खाली नदीत. त्यांची शुद्ध हरपली. पाय मोडला.

आता हा प्रसंग ‘बंप’च्या भाषेत कसा लिहिला असता? टांग्याचे चाक दगडाला लागले, प्रवासी पडला, दुखापत झाली. वाक्य खोटे नाही. चाक दगडाला लागलेच होते. पण बाबासाहेब तिथे थांबले नाहीत. या पुलावरून रोज टांगे जातात, मग आजच असे का झाले, हा प्रश्न त्यांनी विचारला. तेव्हा खरी हकीकत कळली. स्टेशनवरचा एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. त्यात त्यांना कमीपणा वाटत होता. आपल्या माणसांना बाबासाहेबांनी पायी यावे हे रुचेना. शेवटी तोड निघाली की टांगा भाड्याने मिळेल, पण हाकणारा तुमचा तुम्ही आणा. ज्याने लगाम हातात घेतला त्या बिचाऱ्याला टांगा हाकायचा सराव नव्हता.

म्हणजे चाक दगडाला लागले, पण पाय कोणी मोडला? परदेशात शिकून आलेल्या बॅरिस्टरपेक्षा स्वतःला वरचा समजणाऱ्या जातीच्या अहंकाराने मोडला. बाबासाहेबांनी दगडापासून टांगेवाल्यापर्यंत आणि टांगेवाल्यापासून जातिव्यवस्थेपर्यंत बोट धरून वाचकाला नेले. अपघात म्हणून सोडून दिले नाही. आपल्या लेकरांना मी इंग्रजी याच कारणासाठी शिकवतो. ‘बंप’ म्हणता यावे म्हणून नव्हे, तर बंपच्या मागे कोण आहे हे त्याच भाषेत विचारता यावे म्हणून.

कुणी म्हणेल, मग दोष इंग्रजीचा आहे, मराठीत असे होत नाही. हेही खरे नाही. मराठीत ‘धक्का लागला’ आणि ‘धक्का मारला’ हे दोन वेगळे आहेत, ही आपल्या भाषेची सोय आहे. पण सोय कुणाच्या हातात आहे, त्यावर सगळे अवलंबून असते. वर्तमानपत्र उघडा. ‘धक्का लागल्याच्या किरकोळ कारणावरून मारहाण’, ‘क्षुल्लक वादातून दोन गटांत हाणामारी’, ‘बाचाबाचीचे पर्यवसान’. वरातीत घोड्यावर बसलेल्या आपल्या पोराला खाली ओढले तरी बातमीत ‘दोन गट’ असतात. जणू दोन्हीकडे सारखेच हात, सारख्याच काठ्या. जबाब लिहिणारा हवालदार विचारतो, "नक्की मारलं का लागलं?" तुम्ही घाबरत ‘लागलं’ म्हणालात तर तो पुढे काही विचारत नाही. जखम किरकोळ असते की नाही ते डॉक्टर सांगेल. कारण किरकोळ होते, हे कोण ठरवते? ज्याच्यासाठी जात हे कारणच नाही, तो ठरवतो.

आणि माझ्या भाच्याने काय म्हटले होते? "डोकं आपटलं." नऊ वर्षांच्या पोराने मराठीतच कर्ता गाळला होता. त्याला हे कुणी शिकवले? माझ्या बहिणीने नाही, मॅडमने नाही. माझ्या अर्जाने शिकवले, आजीच्या पदर आवरण्याने शिकवले. आपण मार खातो आणि वाक्यातून मारणाऱ्याला स्वतःच्या हाताने बाहेर काढतो, म्हणजे घरात, शाळेत, गावात पुढचा दिवस शांततेत जावा. ही आपली पिढीजात व्याकरणाची चूक आहे. ती आपल्याला करायला लावली गेली आहे, हे खरे. पण दुरुस्त आपल्यालाच करावी लागेल.

दुसऱ्या दिवशी शाळेत जायचे ठरले. बहीण म्हणाली, "दादा, नको. सीट गेली तर? एवढी फी मी कुठून आणू?" मी तिला सांगितले की ती सीट कुणाच्या मेहेरबानीची नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 12 ने ती दिली आहे आणि वंचित घटकांतल्या मुलांशी भेदभाव होऊ नये, हेही त्याच कायद्यात आहे. ती म्हणाली, "कायदा तुला माहीत आहे. रोज सकाळी गेटवर मला उभं राहायचं असतं." याला माझ्याकडे उत्तर नव्हते. शेवटी ती आली. डायरीवर सही न करता आली, हेच मला पुष्कळ होते.

मुख्याध्यापिका बाई शांत होत्या. "लहान मुलं आहेत, असं चालतंच," म्हणाल्या. मी म्हणालो, "मॅडम, त्या दोन मुलांना शिक्षा करा, असं म्हणायला मी आलेलो नाही. तीही लेकरंच आहेत. मला फक्त एक क्रियापद बदलून हवं आहे." त्यांना आधी कळले नाही. मग त्यांनी पेन घेतले आणि ‘बंप’च्या जागी ‘ढकलले गेले’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द सुचवला. मी विचारले, "कुणाकडून?" त्या म्हणाल्या, "दुसऱ्या मुलांची नावं मी डायरीत लिहू शकत नाही." हे त्यांचे म्हणणे मला पटले. मग ठरले ते असे : डायरीत ‘वरच्या वर्गातल्या दोन मुलांनी पाण्याच्या कूलरपाशी याला ढकलले’ असे लिहायचे आणि नावांसह नोंद शाळेच्या रजिस्टरमध्ये करायची. त्यांनी तसे लिहिले. बहिणीने सही केली.

मग मी दुसरा प्रश्न काढला. "मॅडम, चौथीच्या मुलाला ‘आरटीईवाला’ हा शब्द कुठून कळतो?" त्या काही बोलल्या नाहीत. बहीण बोलली. इतका वेळ गप्प बसलेली ती एकदम म्हणाली, "मॅडम, वर्गातच विचारतात. आरटीईच्या मुलांनी हात वर करा. फॉर्म द्यायचे असले की. माझा मुलगा घरी येऊन विचारतो, आई, आरटीई म्हणजे आपली कास्ट का?"

खोलीत शांतता पसरली. मला वाटते तो दिवस माझ्या वादावादीने नाही, तर त्या एका वाक्याने जिंकला. बाईंनी तिथेच क्लार्कला बोलावून सांगितले की यापुढे फॉर्म पालकांच्या हातात द्यायचे, वर्गात हात वर करायला लावायचे नाही. हे किती दिवस पाळले जाईल, ते पाहू. आम्ही लक्ष ठेवून आहोत.

मित्रांनो, या लेखातून मला एवढेच सांगायचे आहे. तुमच्या घरी शाळेची डायरी येते, कामाच्या ठिकाणी अपघाताचा अहवाल येतो, पोलीस ठाण्यात जबाब वाचून दाखवला जातो. सही करण्यापूर्वी क्रियापद तपासा. ‘झाले’, ‘लागले’, ‘आपटले’, ‘बंप’ असे काही दिसले की थांबा आणि विचारा : कोणी? उत्तर ‘कुणी नाही’ असेल तर आनंदाने सही करा. प्रत्येक धक्क्यात जात शोधा, असे मी म्हणत नाही. पण ती होती की नव्हती, हे विचारण्याआधीच वाक्य बंद करू देऊ नका.

परवा भाचा घरी आला होता. गुडघा सोलवटलेला. मी तोंड उघडणार एवढ्यात तो म्हणाला, "मामा, हे बंपच आहे. मीच सायकलवरनं पडलो, कुणी पाडलं नाही." आणि हसत आत पळाला.

त्याच्या वाट्याला असेच बंप यावेत, एवढीच इच्छा आहे. बाकीच्यांचा हिशेब तो मागेल, याची मला आता थोडी खात्री वाटते.

जय भीम!